आय मेस्ट अप: माती खाल्ल्याची कबुली इंग्रजीत कशी द्यायची

नोकरीला लागून दीड महिना झाला होता. पुण्यात रात्रीचे साडेआठ, ओहायोत सकाळचे दहा. कॉलवर पलीकडे क्लायंटच्या बाई, अलीकडे आम्ही चौघं. त्या आठवड्याची विक्रीची फाइल पाठवायचं काम माझं होतं आणि मी पाठवली होती मागच्या आठवड्याची. हे मला कॉलच्या दहा मिनिटं आधी कळलं. घशाला कोरड पडली होती. मी म्हणाले, "द राँग फाइल गॉट सेंट."

बाई म्हणाल्या, "सेंट बाय हू?"

माझ्या शेजारी बसलेल्यानं तत्परतेनं स्वतःचा माइक बंद केला. मी म्हणाले, "बाय मी." पलीकडे हसण्याचा आवाज. "ओके, सो यू मेस्ट अप. इट हॅपन्स. सेंड मी द राइट वन." आणि विषय संपला. मला मात्र कळेना की यात मेस कुठून आली. मेस म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे सदाशिव पेठ यायची. पोळ्या, भाजी, वरण-भात आणि वाढणाऱ्या काकू.

इंग्रजी माध्यमात न शिकलेल्या, पण आता इंग्रजीत काम करायची वेळ आलेल्या माझ्यासारख्या मंडळींसाठी हा लेख आहे. शब्द एकच घेतलाय, पण तो नीट बसवू. पाठ्यपुस्तकातलं 'आय मेड अ मिस्टेक' आपल्याला येतंच. ऑफिसात, घर भाड्यानं घेताना, मित्रांमध्ये लोक बोलतात ते 'मेस अप'. इंग्रजी वाक्यं इथं कानाला ऐकू येतात तशी लिहिली आहेत, स्पेलिंगप्रमाणे नाहीत.

पायरी पहिली: आधी मराठीत जागा शोधा

'मेस अप' म्हणजे हातातलं काम बिघडवणं, घोळ घालणं. मुद्दाम केलेली खोडी सहसा यात येत नाही. निष्काळजीपणा, गडबड, चुकलेला अंदाज, विसरणं, असं काहीतरी त्यामागे असतं.

आपल्याकडे चुकीच्या पायऱ्या केवढ्या आहेत बघा. 'चुकलं' म्हणजे अगदी साधं. 'घोळ घातला' म्हणजे आता निस्तरावं लागणार. 'माती खाल्ली' म्हणजे ऐन वेळी, सगळ्यांसमोर चुकलो. 'शेण खाल्लं' म्हणजे चुकीला लाजही चिकटली. 'वाट लावली' म्हणजे निस्तरायलाही काही उरलं नाही. 'मेस अप' बसतं ते 'घोळ घातला' आणि 'माती खाल्ली' यांच्या मध्ये. 'शेण खाल्लं'पर्यंत ते एकट्यानं पोचत नाही. तिथपर्यंत न्यायचं तर 'रिअली' किंवा 'बिग टाइम' जोडावं लागतं: "आय मेस्ट अप, बिग टाइम."

पचका आणि फजिती इथं लावू नका. पचका आपला होतो, चारचौघांत तोंड पडतं. 'मेस अप'मध्ये बिघडतं ते काम.

हे क्रियापद दोन तऱ्हांनी चालतं. नुसतं "आय मेस्ट अप" म्हणजे मी माती खाल्ली. कशात, ते समोरच्याला माहीत असतं. किंवा पुढे वस्तू येते: "आय मेस्ट अप द नंबर्स," म्हणजे आकड्यांचा घोळ घातला. 'कशाच्या बाबतीत' असं सांगायचं तर मध्ये 'ऑन' घालतात: "आय मेस्ट अप ऑन द डेट्स."

पुढची वस्तू बदलली की मराठी क्रियापद बदलतं, इंग्रजी तेच राहतं. केस असतील तर ते विसकटणं: "डोंट मेस अप माय हेअर." गुडघा असेल तर दुखापत: "ही मेस्ट अप हिज नी." बेत असेल तर फिसकटवणं: "द रेन मेस्ट अप अवर प्लॅन्स." हॉटेलातल्या वेटरनं भलतंच आणून ठेवलं तर "दे मेस्ट अप माय ऑर्डर." म्हणून 'मेस अप = घोळ घालणे' अशी एका ओळीची नोंद वहीत करून ठेवू नका. केस, गुडघा, बेत, ऑर्डर अशी चार चित्रं डोक्यात ठेवा.

पायरी दुसरी: 'अप' म्हणजे वर नव्हे

अशा जोडक्रियापदांची आपल्याला भीती वाटते ती या शेपटीमुळे. गेट अप, गिव्ह अप, शट अप, मेस अप. प्रत्येक ठिकाणी 'वर' शोधायला गेलं की डोकं फिरतं.

शोधूच नका. ही खोड मराठीलाही आहे, आणि आपण ती सकाळपासून रात्रीपर्यंत वापरतो. 'खाल्लं' आणि 'खाऊन टाकलं' यांत फरक काय? टाकलं कुठेच नाही, ते पोटात गेलं. 'बोललो' आणि 'बोलून बसलो' यांत बसायला खुर्ची कुठे आहे? 'झोपला' आणि 'झोपून गेला' यांत गेला कुठे? दुसऱ्या क्रियापदानं आपला अर्थ सोडलाय आणि पहिल्याला नुसता रंग दिलाय: काम पुरं झालं, नको ते झालं, नकळत झालं.

'अप' बऱ्याचदा हेच करतं. 'ईट' म्हणजे खा, 'ईट अप' म्हणजे खाऊन टाक. 'यूज अप' म्हणजे वापरून संपवणं. 'टेअर अप' म्हणजे फाडून टाकणं. आणि 'मेस अप'ला आपल्याकडे सख्खा भाऊ आहे: 'करून ठेवणं'. दूध उतू गेलं की आई ओट्यापाशी येऊन म्हणते ना, "काय करून ठेवलंस हे!" त्यातल्या 'ठेवलंस'मध्ये जो वैताग आहे आणि 'आता हे माझ्यासमोर असं पडलंय' हा जो भाव आहे, तोच इथल्या 'अप'मध्ये ऐका. मला हे उमगलं तेव्हा इंग्रजीची निम्मी जोडक्रियापदं सोपी झाली. उरलेली निम्मी अजून पाठ करावीच लागतात, ते खोटं कशाला सांगू.

जाता जाता मेसची गोष्ट

त्या रात्री घरी आल्यावर शब्दकोश उघडला तर कळलं की मेस तीच! आपली, पोळ्यांची.

जुन्या फ्रेंचमध्ये 'मेस' म्हणजे ताटात वाढलेला पदार्थ. त्याचं मूळ लॅटिनमध्ये 'पाठवणं, पुढे ठेवणं' या अर्थाच्या क्रियापदात आहे, म्हणजे स्वयंपाकघरातून पंगतीत पाठवलेलं ते मेस. मध्ययुगात हा शब्द इंग्रजीत आला तो अन्नाचा वाटा या अर्थानं. मग एकत्र जेवणारी टोळी म्हणजे मेस झाली, त्यातून सैन्यातली मेस आली, आणि छावण्यांतून ती आपल्या गावांत उतरली. पुण्यात शिकायला आलेल्या प्रत्येकानं महिन्याचे पैसे भरून तिथं कार्ड काढलेलं असतं. अमेरिकेच्या दक्षिणेकडे अजूनही 'अ मेस ऑफ ग्रीन्स' म्हणतात, म्हणजे घरच्यांना एक वेळ पुरेल इतका पाला.

पसारा हा अर्थ मागाहून चिकटला. मेस म्हणजे जनावरांपुढे टाकलेलं कालवलेलं अन्न, मग कुठलाही काला, आणि एकोणिसाव्या शतकात सरळ गोंधळ. हल्ली इन्स्टाग्रामवर सगळीकडे दिसणारं 'हॉट मेस' त्याच शतकात गरमागरम जेवणाला म्हणत. आपण माती खातो आणि ते अन्नाचा काला करतात. चूक दोन्हीकडे तोंडाशीच आली.

पायरी तिसरी: कानाला कसं लागतं

लिहिताना शेवटी 'ईडी' असतं म्हणून आपण 'मेस्ड' किंवा त्याहून वाईट 'मेसेड' म्हणतो. उच्चार 'मेस्ट' आहे. स, प, क, फ, श, च अशा नुसत्या श्वासाच्या आवाजांनंतर तो 'ड' आपोआप 'ट' होतो: स्टॉप्ट, वर्क्ट, लाफ्ट, वॉश्ट, वॉच्ट. घशावर बोट ठेवून 'स' म्हणा, थरथर जाणवत नाही. 'झ' म्हणा, जाणवते. थरथर नसेल तिथं 'ट'. हे एक कळलं की शेकडो शब्दांचे उच्चार सुधारतात.

दुसरं म्हणजे 'मे'मधला ए. आपला ए लांब असतो, 'मेघ'मधल्यासारखा. इथं तो आखूड, 'पेन'मधल्यासारखा. फार लांबवलात तर ऐकणाऱ्याला जायपत्रीचं इंग्रजी नाव ऐकू येईल. 'मि' मात्र करू नका. 'आय मिस्ट' म्हणजे चुकामूक झाली, गाडी सुटली, नेम चुकला किंवा आठवण आली. 'मिस्ट अप' असं काही नसतं, आणि आपल्या लोकांच्या तोंडी ते मी बऱ्याचदा ऐकलंय.

तिसरं, शब्द सुटे ऐकू येत नाहीत. 'मेस्ट अप' हे 'मेस्टप' असं एका दमात येतं, आणि जोर 'अप'वर पडतो. मध्ये 'इट' आलं की अमेरिकन तोंडात दोन स्वरांमधला 'ट' मऊ होऊन जवळजवळ 'ड' होतो: 'मेस्टिडप'. मी महिनाभर हा कुठला तरी वेगळाच शब्द समजत होते. मोठ्यानं दहा वेळा म्हणून बघा, शक्यतो घरी कुणी नसताना.

पायरी चौथी: 'इट' कुठे बसवायचं

नियम छोटा आहे पण चुकला की लगेच कानाला टोचतो. वस्तूचं नाव असेल तर ते मध्ये किंवा शेवटी, दोन्हीकडे चालतं: "आय मेस्ट अप द रिपोर्ट," "आय मेस्ट द रिपोर्ट अप." सर्वनाम असेल तर ते मध्येच: "आय मेस्ट इट अप." 'मेस्ट अप इट' चालत नाही, कधीच नाही.

नाव लांबलचक असेल तर ते शेवटीच टाका. 'काल आपण क्लायंटला पाठवलेला रिपोर्ट' एवढं सगळं 'मेस्ट' आणि 'अप'च्या मध्ये कोंबलं, तर 'अप' येईपर्यंत समोरचा चहा आणायला गेलेला असेल.

आणि आपली खास सवय. "आय ॲम मेसिंग अप दिस ऑलवेज" नको. वारंवार चुकत असेल तर "आय कीप मेसिंग दिस अप." तसंच साध्या भूतकाळाला "आय डिड मेस अप" नको. 'डिड' घातलं की अर्थ होतो 'हो हो, केलाच मी घोळ', म्हणजे कुणीतरी नाकारत असताना ठासून सांगितल्यासारखा.

पायरी पाचवी: कर्ता कोण?

इथं थोडं थांबू, कारण माझी पहिली चूक इथलीच होती. व्याकरण तर मी बरोबरच बोलले होते.

मराठीत चूक सांगायची आपली रीत आठवा. 'चूक झाली.' 'माझ्याकडून राहून गेलं.' 'फाइल चुकीची गेली.' 'ग्लास फुटला.' फुटला! स्वतःहून! आपल्या भाषेत हे वावगं नाही. 'माझ्याकडून झालं' यात नम्रताच असते, आणि ऐकणारा 'कुणाकडून' ते ओळखून घेतो. पण हेच वाक्य इंग्रजीत उचलून नेलं की 'द राँग फाइल गॉट सेंट' होतं, आणि समोरच्याला वाटतं की ही बाई अंग काढून घेतेय. म्हणून तो प्रश्न आला: सेंट बाय हू?

हा प्रश्न अमेरिकेत त्यांच्या राष्ट्राध्यक्षांच्या बाबतीतही निघतो. 1987 च्या जानेवारीत, इराणला शस्त्रं विकल्याचं प्रकरण गाजत असताना, रोनाल्ड रेगन यांनी संसदेपुढच्या वार्षिक भाषणात म्हटलं की 'सीरिअस मिस्टेक्स वर मेड', गंभीर चुका झाल्या. कुणी केल्या, त्याचा वाक्यात पत्ता नाही. 'मिस्टेक्स वर मेड' ही शब्दरचना तिकडे आजही अंग झटकण्याचा नमुना म्हणून सांगतात. याउलट 2009 च्या फेब्रुवारीत, सत्तेवर येऊन दोनच आठवडे झालेले असताना, बराक ओबामांनी आरोग्यमंत्रिपदासाठी निवडलेले टॉम डॅशल यांना कर थकवल्याच्या प्रकरणावरून माघार घ्यावी लागली. त्याच दिवशी ओबामांनी टीव्हीवरच्या मुलाखतींत सांगितलं, 'आय स्क्रूड अप'. हे 'मेस अप'चं जरा रांगडं भावंड. मी, पहिला शब्द मी.

तर 'आय मेस्ट अप' या वाक्याचं सगळं बळ पहिल्या अक्षरात आहे. ते जड जातं, मला अजूनही जातं. पण एकदा म्हटलं की पुढचं संभाषण 'कुणी केलं'वरून 'आता काय करायचं' इथं सरकतं. कामाच्या जागी ते असं म्हणा, तीन छोट्या तुकड्यांत:

"आय मेस्ट अप द फाइल. आय सेंट लास्ट वीक्स. द राइट वन विल बी विथ यू इन टेन मिनिट्स."

काय बिघडवलं, कसं बिघडवलं, कधी नीट होईल. यापुढे 'बट' घालू नका. 'बट द फोल्डर नेम्स वर सिमिलर' म्हटलं की पहिल्या वाक्याचा 'आय' पुसला गेला. फोल्डरची नावं खरंच सारखी असतील तर ते चार तासांनी, वेगळ्या निरोपात, सुधारणा म्हणून सुचवा. आणि पाच वेळा 'सॉरी'ही नको. एकदा पुरे. सारखी माफी मागितली की समोरच्याला आपली समजूत काढत बसावं लागतं आणि फाइल राहते बाजूला.

कर्ता दुसरा असेल तेव्हा मात्र नेमकं उलट करायचं. "यू मेस्ट अप" हे बोट रोखणं आहे. वरिष्ठ हसत म्हणाले तर चालून जातं, जसं त्या बाईंचं गेलं. आपण नवीन असताना, विशेषतः चॅटवर, जिथं हसणं दिसत नाही, तिथं म्हणू नये. तिथं आपली मराठी रीतच कामाला येते, कर्ता लपवण्याची: "लुक्स लाइक समथिंग गॉट मेस्ट अप इन द शीट." शीटमध्ये काहीतरी गडबड झालेली दिसते. ज्यानं केलं त्याला कळतं, आणि त्याचा पचकाही होत नाही. म्हणजे स्वतःच्या चुकीला 'आय' आणि दुसऱ्याच्या चुकीला 'गॉट'. मी सुरुवातीला हे बरोब्बर उलटं वापरत होते.

सॉफ्टवेअरवाल्यांसाठी एक पुरवणी. मोठा बिघाड झाल्यावर बऱ्याच कंपन्यांत 'ब्लेमलेस पोस्टमॉर्टेम' लिहितात, म्हणजे दोष कुणाच्या माथी न मारता घटनेची चिकित्सा. त्या लेखी अहवालात कुणाचंच नाव कर्ता म्हणून घालायचं नसतं, स्वतःचंही नाही. तिथं 'द स्क्रिप्ट रॅन ऑन द राँग डेटाबेस' हेच बरोबर. 'आय मेस्ट अप' कॉलवर म्हणून झालं, अहवालात नको.

आणि मराठी बोलताना हल्ली जे चालतं तेही सांगते. आमच्या ऑफिसातली पोरं सर्रास म्हणतात, "अरे यार, सगळं मेस अप झालं." इंग्रजी शब्द घेतला आणि त्याला आपलं 'झालं' जोडून कर्ता पुन्हा पळवला! मला हे फार आवडतं. भाषा कितीही शिकलो तरी हाडं कुठे बदलतात.

पायरी सहावी: 'दॅट्स मेस्ट अप' ऐकलं तर

क्रियापदाचं विशेषण झालं की अर्थ सरकतो, आणि इथं नवख्या माणसाची फसगत होते.

परदेशी शिकायला गेलेल्या माझ्या एका मैत्रिणीनं खोलीतल्या अमेरिकन मुलीला सांगितलं, घरमालकानं आमची अनामत रक्कम काही कारण नसताना कापून घेतली. ती मुलगी म्हणाली, "वॉव, दॅट्स मेस्ट अप." मैत्रिणीला वाटलं, ही म्हणतेय तूच घोळ घातलास. दोन दिवस धुसफूस. खरं तर ती मुलगी तिच्याच बाजूनं बोलत होती. "दॅट्स मेस्ट अप" म्हणजे 'हे अगदी चुकीचं आहे', 'काय हा अन्याय', 'शी, असं कुणी करतं का'. कुणी आपल्यावर गुदरलेलं काही सांगत असेल, तेव्हा सहानुभूतीचा उद्गार म्हणून तो येतो.

माणसाला लावलं की संदर्भ बघावा लागतो. "ही वॉज रिअली मेस्ट अप लास्ट नाइट" म्हणजे बहुधा भरपूर प्यायलेला होता किंवा नशेत होता. "द डिव्होर्स मेस्ट हर अप" म्हणजे घटस्फोटानं ती आतून मोडली, सावरली नाही. "दे मेस्ट हिम अप" म्हणजे त्याला बदडून काढलं. 'आपला अमुक इज मेस्ट अप' असं सहज बोलून जाल, तर ऐकणारा त्याच्या तब्येतीची चौकशी करेल. माणसाविषयी हे विशेषण स्वतःहून वापरूच नका. ऐकलं तर समजा, एवढं बास.

पायरी सातवी: कुठे नको

हा घरगुती कपड्यातला शब्द आहे. मित्र, सहकारी, रोजची मीटिंग, व्हॉट्सॲप, स्लॅक इथं बिनधास्त. क्लायंटच्या औपचारिक मेलमध्ये, करारात, व्हिसाच्या अर्जाबरोबरच्या पत्रात, विम्याच्या कागदात, विद्यापीठाला लिहिलेल्या अर्जात नको. तिथं "देअर वॉज ॲन एरर ऑन अवर साइड, अँड वी हॅव करेक्टेड इट," असं इस्त्रीचं वाक्य. आयेल्ट्स ही इंग्रजीची परीक्षा देणाऱ्यांसाठी: निबंधात टाळा, बोलण्याच्या भागात खुशाल वापरा. तिच्या 'जनरल ट्रेनिंग' या प्रकारात मित्राला पत्र लिहायला आलं तर तिथंही चालेल.

शेजारपाजारचे शब्द

'माय बॅड' हे फारच किरकोळ चुकीला. खांद्याला खांदा लागला, लिफ्टचं बटण चुकीचं दाबलं. महिनाभराचा डेटा उडवून 'माय बॅड' म्हणाल तर नोकरी जाईल.

'स्क्रू अप' जरा खरखरीत. त्यातल्या 'स्क्रू'ला शरीरसंबंधाचा अर्थही आहे, म्हणून वयस्कर मंडळींसमोर बेतानं. त्याहून कडक, एफनं सुरू होणारं भावंड मालिकांतून पाठ झालेलं असतं. ते ऑफिसात दुसऱ्यांनी वापरलं तरी आपण पहिलं वर्षभर ऐकूनच घ्यावं. ऑस्ट्रेलियात गेलात तर 'स्टफ अप' ऐकाल, अर्थ तोच. लंडनमध्ये 'कॉक-अप' ऐकाल, तो जरा अशिष्ट, तेव्हा नुसतं हसून सोडा.

'मिक्स अप' वेगळं: अदलाबदल. दोन जुळ्यांची नावं उलटसुलट घेतली की 'मिक्स्ट अप'.

'मेस विथ' म्हणजे वाटेला जाणं, पंगा घेणं, नको तिथं हात घालणं. 'डोंट मेस विथ टेक्सास' ही घोषणा टी-शर्टांवर पाहिली असेल. ती वाटते मर्दानी डरकाळी, पण 1980 च्या दशकाच्या मध्यावर टेक्सासच्या महामार्ग खात्यानं ती काढली रस्त्यावर कचरा टाकू नका म्हणून! मेस म्हणजे घाण आणि मेस म्हणजे पंगा, असा दुहेरी खेळ. पण "आय ॲम जस्ट मेसिंग विथ यू" कुणी म्हणालं तर घाबरू नका, 'अरे गंमत करतोय' एवढंच. 'मेस अराउंड' म्हणजे टाइमपास, उगाच खुडबुड. जोडीदाराच्या पाठीमागे 'मेस अराउंड' केलं तर मात्र तो टाइमपास नव्हे.

पायरी आठवी: तोंडात बसवा

आठवडाभर एक करा. दिवसभरात जे काही बिघडवाल, कितीही फुटकळ, ते त्याच क्षणी पुटपुटा. चहात साखर दोनदा पडली: आय मेस्ट अप द टी. चुकीच्या फलाटावर उभी राहिले: आय मेस्ट अप. पासवर्ड तिसऱ्यांदा चुकला: आय कीप मेसिंग इट अप. सुरुवातीला 'इट' हमखास चुकीच्या जागी जाईल. जाऊ दे, पुन्हा म्हणा. तीन दिवसांनी वाक्य जुळवावं लागत नाही, आपसूक येतं. चौथ्या दिवशी सोबत 'काय करणार' हेही जोडा, म्हणजे चहाच्या वाक्यामागे लगेच "आय विल मेक अ फ्रेश कप."

सरावाला एक मराठी वाक्य देते. सदाशिव पेठेतल्या आमच्या मेसच्या काकू एकदा पहिली पंगत बसायच्या आधीच दारात येऊन उभ्या राहिल्या, पदराला हात पुसत म्हणाल्या, "आज आमटीत मीठ मीच दोनदा घातलंय. दही ठेवलंय, बरोबर घ्या." कुणी काही बोललं नाही. दह्याचं पातेलं तेवढं लवकर संपलं.

याचं इंग्रजी करा. 'इट'ची जागा सांभाळा, 'बट' नको, आणि 'मी'तला च कसा आणायचा ते बघा. मी असं केलंय: "आय मेस्ट अप द आमटी मायसेल्फ. देअर्स दही."